दिवसा सांगायची गोष्ट

आषाढ अर्धा उलटतो, आरमोरीच्या आजूबाजूच्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणे सुरू होतात आणि माझा छत्रीचा धंदा बसतो. रोवणाऱ्या बाईला छत्री कशाला? तिचे दोन्ही हात चिखलात. ती डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन सकाळी वाकते, ती संध्याकाळीच सरळ होते. मग मी दुकानाच्या फळीवर बसून न विकलेल्या छत्र्या उघडतो, झटकतो, पुन्हा मिटतो. बाजूचा चहावाला म्हणतो, "भाऊ, बसल्या बसल्या काही सांगा ना गा." आणि मी सांगतो. वैनगंगेच्या पुलावर मी छत्री उघडली, तेव्हा असा वारा आला की थेट ब्रह्मपुरीच्या बाजारात उतरलो. उतरल्या उतरल्या गिऱ्हाइकांची रांग लागली, कारण लोकांना वाटलं, ही हवाई छत्री आहे. गडचिरोलीकडच्या जंगलातला डास एवढा मोठा, की कंडक्टर त्याला अर्धं तिकीट फाडतो आणि खिडकीजवळची जागा देत नाही. तीन तालुक्यांत माझ्यासारखा खोटारडा नाही. हे मात्र खरं आहे, कोणालाही विचारा.

पण बांध्यांतून त्या ढवळलेल्या चिखलाचा वास येतो, पलीकडे पहाडावर आभाळ उतरून बसतं, आणि माझी थाप अर्ध्यावर अडकते. चहावाला कप धरून वाट पाहत राहतो. मला इर्पुमेट्टा आठवतं.

ते नकाशात शोधू नका. नकाशा काढणारा तिथवर पोचला नसणार, आणि पोचला असेल तर मोहाखाली झोपला असणार. इर्पु म्हणजे मोह, मेट्टा म्हणजे डोंगर. गडचिरोलीहून एक बस, मग दुसरी बस, मग जीप, मग ज्याचे त्याचे पाय. पाय दमले की नाला, आणि नाल्यापलीकडे डोंगराच्या मांडीवर बसलेली माडियांची घरं. आम्ही आरमोरीचे लोक ऊठसूट स्वतःला मागास म्हणवून घेतो. इर्पुमेट्ट्याला जाऊन परत आलं की आरमोरीच्या बसस्टँडवर विमानतळासारखं वाटतं.

त्या नाल्याचंही सांगतो. उन्हाळ्यात त्यात बेडकाला चूळ भरायला पाणी मिळत नाही. पावसाळ्यात तोच नाला सागाचं अख्खं झाड तोंडात धरून जातो, एखाद्या सावकाराने जेवणानंतर दात कोरायची काडी धरावी तसा. हे मी वाढवून सांगतोय असं वाटेल. थोडं वाढवलंय. झाड सागाचं नव्हतं.

बाजारोबाजारी छत्र्या विकत हिंडताना मी पहिल्यांदा तिथे गेलो, तेव्हा गावाने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि नाव ठेवलं, छत्रीभाऊ. माडिया माणूस पावसासाठी छत्री घेत नाही, पाऊस त्याच्या घरचाच. तो छत्री घेतो नाचायला. लग्नात, सणात, ढोलाच्या तालावर उघडमीट करायला. रामेने माझ्या गाठोड्यातली सगळ्यात लाल छत्री ओढून काढली, टोपलीभर मोहफुलं माझ्यापुढे ओतली, छत्री उघडून गरगर फिरवली आणि म्हणाली, "एका पावसाची आहे."

"बाई, ही छत्री तुझ्या नातवाच्या लग्नात नाचंन," मी म्हटलं.

"तू नाचशीन का पण तवापर्यंत? तुहे पाय तं पाह्य."

ही रामे. चैतूची बायको, नवी नवरी, आणि त्या डोंगरातली सगळ्यात धारदार जीभ.

इर्पुमेट्ट्याची एक रीत होती, तिच्यामुळेच मी त्या गावावर जीव टाकला. सूर्य बुडाला, अंगणात शेकोटी पेटली, की कोणी काहीही सांगावं. वाघाशी सोयरीक झाली म्हणावं, चंद्राला दोरी बांधली म्हणावं. ऐकणाऱ्यांपैकी एकाने दर वाक्याला "हो" म्हणायचं, मग गोष्ट पुढे सरकायची. हो थांबला की गोष्ट थांबली. माझ्या गोष्टीला हो म्हणायला रामे बसायची. तिचा हो म्हणजे सरळ हो नव्हे. एकात कौतुक, एकात चिमटा, एकात 'आता हा कसा सुटते ते पाहू'. "मग त्या अस्वलानं माझ्या हातातली छत्री घेतली," मी म्हणायचो. "हो, आन् तुले पावती देली," ती म्हणायची. अंगण फुटायचं हसून.

पण हे फक्त संध्याकाळचं. दिवसाचं बोलणं वेगळं. आणि दिवसा, हातात माती घेऊन जो बोलला, त्याचं बोलणं म्हणजे झालेलं काम. मग त्यावर साक्षीदार नको, सही नको. गावचा गायता, म्हणजे देवाधर्माचं पाहणारा म्हातारा कोपा, त्याला मी एकदा विचारलं, "कोपादादा, हातात माती घेऊन कोणी खोटं बोललाच तर?"

 त्याला हा प्रश्न कळेना. शेवटी म्हणाला, "मंग तो उभा कायच्यावर राहीन?"

दुसरी गोष्ट दगडांची. गावात शिरताना वाटेच्या कडेला उभे दगड दिसत, काही गुडघ्याएवढे, काही माणसाहून उंच. माणूस मेला की त्याच्या नावाने दगड उभा करायचा, त्याच्यावर मोहाच्या दारूची धार सोडायची, त्याच्या आवडीची वस्तू तिथे ठेवायची. एका दगडावर सेल नसलेला रेडिओ होता. कोपा जाता येता त्या दगडाशी बोलत असे. तो त्याचा भाऊ होता. "काय म्हणते रेडिओ?" मी विचारायचो. "पाऊस सांगून राह्यला," कोपा म्हणायचा. माझी मस्करी त्या गावात कधी वाया गेली नाही.

आणि तिसरी गोष्ट पुलाची.

नाल्याच्या दोन काठांवर दोन अर्जुनाची झाडं होती, समोरासमोर, एकमेकांकडे झुकलेली. ती कोणी लावली नव्हती. कोपाचा आजा होता तेव्हाही ती म्हातारीच होती. त्यांच्या बेचक्यांमधून गावाने बांबूची वाट बांधलेली, माहुलीच्या वेलाच्या सालीने आवळून, चौघांच्या खांद्यावरची खाट सहज जाईल एवढी रुंद. दर वर्षी पाऊस यायच्या आधी सगळं गाव नाल्यावर जमायचं. बायका साल सोलायच्या, पोरं बांबू ओढायची, म्हातारे झाडावर न चढता झाडावरच्यांना शिव्या द्यायचे. जुनी साल काढून नवी बांधायची. खालून पाणी कितीही बोंबलत जावो, वरून माणूस पलीकडे. मी त्या पुलावरून छत्र्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन गेलो आहे. पूल हलायचा, किरकिरायचा, पण पडायचा नाही. माझ्या ओळखीत इतकं प्रामाणिक बांधकाम दुसरं नाही, आणि ही अतिशयोक्ती नाही.

वैशाख संपता संपता मी तिथेच होतो, तेव्हा धुरळा उडवत जीपगाड्या आल्या. नाला कोरडा, गाड्या सरळ पात्रातून वर. कापडी मांडव, कर्णा, खुर्च्या, थंड पाण्याच्या बाटल्यांचे खोके, आणि एका गाडीत गोधडीत गुंडाळून आणलेला काळा चकचकीत दगड, सोनेरी अक्षरांचा. सिमेंटचा पूल होणार, त्याचं भूमिपूजन. गावाने पाहुण्यांसाठी सकाळपासून भात शिजवायला घेतला होता. कोंबड्या कापल्या होत्या, स्वतःच्या घरात पेजेवर भागवून.

दगड मांडवाशेजारी, गावाकडच्या काठावर उभा केला. त्याला हार घातला. रामे पुढेच उभी होती, पोट दिसू लागलेली. तिने दगड पाहिला, हार पाहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "कोण मेलं?"

कर्ण्याने आवंढा गिळला.  मग पाहुण्यांमधले सगळ्यात मोठे साहेब खो खो हसले. मनमोकळा माणूस, इकडचाच, आमच्यासारखाच बोलणारा. म्हणाले, "कोणी नाई मेलं बाई. पूल जन्माले येऊन राह्यला."

"म्हणजे आमच्यावानीच," रामे पोटावर हात ठेवून म्हणाली. "पाहू तं, तो पयले येते का हे."

टाळ्या पडल्या. साहेबांनी तिच्याकडे बोट करून सांगितलं, या बाईचं लेकरू पुलावरूनच दवाखान्यात जाईल आणि पुलावरूनच घरी येईल. मग त्यांनी कुदळ मारली, वाकून चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली, उरलेली मुठीत धरली आणि म्हणाले, पाऊस पडायच्या आत काम उभं राहील.

मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. चेल्याने गुरूला वाजवाव्यात तशा. माझी अख्खी कारकीर्द त्या एका वाक्याच्या धुळीत गेली होती. पण मी शेजारी पाहिलं तर कोपा टाळ्या वाजवत नव्हता. तो साहेबांच्या मुठीकडे पाहत होता. मूठ. माती. डोक्यावर सूर्य. त्याच्या तोंडावर अशी शांतता आली की जणू पूल झाला, लोक त्यावरून ये-जा करू लागले.

जेवणं झाली. गाड्यांकडे जाता जाता ठेकेदाराचा माणूस कोपाला म्हणाला, "खांब याच जागी येणार आहेत, दोन्हीकडे. हे दोन झाडं आडवे करून ठेवा. मशीन येतेच आहे, मंग खोळंबा नको."

त्याच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, मशीन येऊ दे, मग पाहू. आरमोरीचा कोणीही असता तर हेच म्हटलं असतं. आमच्याकडे लग्नाचा शब्द दिलेला माणूसही दुसरीकडे एक पोरगी पाहून ठेवतो. पण त्या गावाने माती धरलेली मूठ पाहिली होती. कोपाने दोन्ही अर्जुनांच्या मुळाशी तांदूळ ठेवले, कोंबडीचं रक्त सोडलं, झाडांना हात लावून त्यांच्या भाषेत बराच वेळ काही सांगितलं. माफीच असणार, कारण त्याचा आवाज माणसाची माफी मागताना होतो तसा झाला होता. मग कुऱ्हाडी चालल्या. झाडं पडली तेव्हा डोंगरावरची माकडं गप्प झाली. मी ते खोड हाताने चाचपून पाहिलं, आत पाणी होतं, गार.

आज आरमोरीत चहा पिताना लोक सहज विचारतात, "मंग पूल बांधायलेच नाई पाहिजे होता का भाऊ?" पाहिजे होता. कोण नाही म्हणतं? तेच तर सांगतोय.

आषाढ लागला आणि मीच फसलो. जन्मात एकदा खऱ्यावर विश्वास ठेवला, तोही दुसऱ्याच्या. वाटलं, पुलाचं काम म्हणजे मजूर, मजूर म्हणजे छत्र्या. गाठोडं उचललं आणि निघालो. नाल्यात कंबरभर पाणी, हात धरून चैतूने पलीकडे नेलं. काठावर चिखलात पाय ठेवला आणि मागे वळून पाहिलं, तर पाणी छातीभर झालं होतं. पुढचा सगळा पावसाळा मी इर्पुमेट्ट्याचा जावई होऊन राहिलो.

तो पावसाळा माझ्या नाकात बसलाय. ओल्या लाकडाचा धूर, जो घराबाहेर जात नाही, माणसातून जातो. भिंतीच्या कुडातून येणारी पाण्याची फुंकर. मीठ पाणी होऊन टांगलेल्या भोपळ्यातून ठिबकायचं, खाली ठेवलेली वाटी पोरं चाटायची. बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात, आधी गोड लागले, मग नुसतेच लागले, मग नजरेला नको झाले. कोसरीच्या भरडधान्याची पेज सकाळी पातळ, संध्याकाळी त्याहून पातळ. तापाने माणसं आळीपाळीने झोपायची. एक उठला की दुसरा त्याच्या जागेवर, जणू ताप घरात एकच आणि तो सगळ्यांना पुरवून वापरायचा. शाळेत शेळ्या. मास्तर पलीकडे अडकलेला, आणि मास्तर असा भला, की त्याने पलीकडच्या काठावर उभं राहून पोरांना एकदा पाढे म्हणायला लावले. पाणी मध्ये इतकं बोंबलत होतं की इकडे पोरं हात वर करून नुसती नाचली.

यातलं पाढ्यांचं खोटं आहे. बाकी काही बदललेलं नाही.

रोज सकाळी कोणीतरी नाल्यावर जाऊन यायचं. परत आलेल्याला अंगणातले विचारायचे, "आली का?" म्हणजे मशीन. "नाई." पुन्हा सगळे आपापल्या कामाला. राग नाही, शिवी नाही. राहवेना म्हणून मी कोपाला म्हटलं, "दादा, वरच्या अंगाला झाडं आहेत. लांब पडते, पण जमंन. पोट्टे लावा, बांबू तोडा, वाट बांधून टाका."

कोपाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चोरी करायला सांगितली. "त्यानं माती धरली होती छत्रीभाऊ. आपण दुसरा बांधला, तं त्याले खोटा म्हटल्यावानी होते."

"आणि तो नाहीच आला तर?"

"आजारी असंन," कोपा म्हणाला. "त्याच्या घरी काही झालं असंन. येईन."

त्या म्हाताऱ्याला साहेबांच्या तब्येतीची काळजी वाटत होती. मी थापाड्या माणूस, मला रडू येत नाही, पण त्या दिवशी धूर फार होता.

रामेचे दिवस अजून भरायचे होते. नर्सबाईने उन्हाळ्यातच बजावून ठेवलं होतं, शेवटच्या महिन्यात दवाखान्याजवळ येऊन राहा, पहिलटकरीण आहेस. रामे निघायचीच होती. पण पाणी उतरेना. ती रोज संध्याकाळी शेकोटीजवळ बसून हो म्हणायची, एक हात पोटावर, आणि मध्येच म्हणायची, "हे आतून लाथ मारून राह्यलं. याले तुही गोष्ट पटली नाई."

मग एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या आधीच. गावातल्या जाणत्या बायका आत गेल्या आणि बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या तोंडावरून कळलं की लेकरू आडवं आहे.

चैतू फोन घेऊन टेकडीच्या टोकाला धावला, जिथे एका दगडावर उभं राहून हात उंच केला की आवाज लागतो. आवाज लागला. आणि ऐका, गाडीसुद्धा आली. दवाखान्याची गाडी, चिखलातून, घसरत, ढकलत, ज्या वेळात शहरात येणार नाही त्या वेळात आली. नाल्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावरचा निळा दिवा फिरत होता. ड्रायव्हर खाली उतरून हात हलवत होता. मागचं दार उघडून नर्सबाईने पांढरी चादर सारखी केली, आम्हाला दिसत होतं. एवढं जवळ, की चादरीची घडी दिसावी. मध्ये पाणी.

आम्ही रामेला खाटेवर घालून काठावर आणलं होतं. कोरडी जागा एकच होती, त्या काळ्या दगडाशेजारी, कारण मांडवासाठी तिथे मुरूम टाकला होता. खाट तिथे टेकवली. हाराची सुतळी अजून दगडाला होती. मी लाल छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली.

चैतू दोर दातात धरून पाण्यात शिरला. पोहण्यात त्याच्यासारखा माणूस नाही, पाण्याने त्याला तीनदा परत आणून टाकलं आणि चौथ्यांदा तो पलीकडे लागला. दोर बांधायला झाड हवं. उंच, पाण्याच्या वर. तो अर्जुनाच्या जागी गेला. तिथे बुंधा होता, गुडघ्याएवढा, आणि त्याच्यावरून पाणी जात होतं. त्याने दोर बुंध्यालाच गुंडाळला. इकडून आम्ही आमच्या बुंध्याला. दोर दोन्हीकडे पाण्याखाली. एक ओंडका वाहत आला, दोराला लागला, आणि दोर पलीकडच्या बुंध्यावरून निसटला, नुसतं टोक चैतूच्या हातात राहिलं. पलीकडे काठापासून मागे दुसरं झाड होतं, पण तिथवर दोर पुरेना. ड्रायव्हर आणि चैतू गाडीला दोर बांधू पाहत होते, गाडी चिखलात मागे सरत होती, दिवा फिरत होता.

रामेने डोळे उघडले. म्हणाली, "छत्रीभाऊ, एखादं सांग ना."

दिवस होता. डोक्यावर ढगाळ का होईना, सूर्य होता. मी कोपाकडे पाहिलं. त्याने मान वळवली.

मी सुरू केलं. "एकदा मी चांद्याहून येत होतो."

"हो."

"वाटेत भेटला एक हत्ती. म्हणे, मला छत्री दे."

"हो," ती म्हणाली. "त्याच्या मापाची... आहे का?"

"मी म्हटलं, आहे ना. गडचिरोलीत मोठ्या साहेबांसाठी शिवली होती." ती हसली. हसताना तिने खाटेची कड धरली. "हत्तीने छत्री उघडली, आणि काय सांगू बाई, अख्ख्या जंगलावर पाऊस पडायचा थांबला."

"हो."

"नाला आटला. पलीकडची गाडी चालत इकडे आली."

"हो," अगदी बारीक.

"गाडीतून एक म्हातारी उतरली. म्हणे, रामे कुठी राह्यते?"

मी थांबलो. मी पुन्हा म्हटलं, म्हणे, रामे कुठी राह्यते? मी छत्री थोडी पुढे धरली, तिच्या तोंडावर पाणी पडत होतं. मी गोष्ट पुढे रेटली. हत्ती, म्हातारी, नाच, जे सुचेल ते. हो आला नाही. कोपाने माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी गप्प झालो. पलीकडे निळा दिवा फिरतच होता, त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

लेकरू पोटातच राहिलं.

पाणी उतरल्यावर चैतू दगड आणायला डोंगरावर जाईल असं मला वाटलं होतं. लोक जातात, मनासारखा दगड शोधतात, गाव तो खांद्यावर आणतं. चैतू गेला नाही. तो नाल्याच्या काठी गेला आणि त्या काळ्या दगडापुढे बसला. कोपाने विचारलं. चैतू त्यांच्या भाषेत एवढंच बोलला आणि कोपाने ते मला सांगितलं: तिनं इचारलं होतं ना, कोण मेलं म्हणून. दगड आधीच आणून देला त्याईनं.

मग सोनेरी अक्षरांवर मोहाची धार सुटली. दगडाला हळद लागली. लाल छत्री उघडून त्याच्या माथ्यावर बांधली.

हे मी आरमोरीत सांगतो. दुपारी सांगतो, मुद्दाम, समोरच्या बांधीतली माती हातात घेऊन. आता माती घेतल्याशिवाय खरं बोलणं मला जमत नाही, ती सवय तिथून लागली. चहावाला पूर्ण ऐकतो आणि हसतो. "भाऊ, गाडीचं भारी जमलं तुमाले," तो म्हणतो. "निळा दिवा फिरून राह्यला, वा!" तीन तालुक्यांतल्या खोटारड्याला ही शिक्षा मिळाली आहे. वैनगंगेवरून उडालो ते लोकांना पटतं.

यंदा रोवण्याच्या आधी मी इर्पुमेट्ट्याला जाऊन आलो. गावाने आता वरच्या अंगाला नवी वाट बांधली आहे, लहान झाडांवर, अरुंद. माणूस जातो, खाट जात नाही. चैतू बोलत नाही फारसा. कोपा अजून आहे, वाकलेला, कान बरे. छत्रीचं कापड उडून गेलंय. काड्या राहिल्या आहेत, उघड्या, दगडावर. एका पावसाची म्हणाली होती.

आम्ही दगडाजवळ बसलो होतो तेव्हा नाल्यातून एक जीप आली. पाणी घोट्याएवढं होतं. नवे साहेब, तरुण, टोपीवाले, हातात मोजायची फीत. पुन्हा पूल होणार, पुन्हा मोजणी. त्यांनी इकडून तिकडे पाहिलं, फीत लावली आणि म्हणाले, "हा जुना दगड काढावा लागेल. नवीन बसवायचा आहे."

"तो निघत नाई," कोपा म्हणाला. "तो रामेचा आहे."

साहेबांनी वाकून छत्रीच्या काड्यांखालची अक्षरं वाचली. हळदीने अर्धी बुजली होती. "बाबा, ह्याच्यावर तर मोठ्या साहेबांचं नाव आहे."

"नाव त्याइचं असंन," कोपा म्हणाला. "मेली ती आहे."

साहेब चांगला माणूस होता. तो उकिडवा बसला, त्याने आवाज मऊ केला आणि समजावू लागला. या वेळी खरंच होणार आहे बाबा, मंजुरी आली आहे, मशीन निघाली आहे. बोलता बोलता त्याने सहज खालची मूठभर माती उचलली, चाळा म्हणून, आणि बोटांमधून गाळू लागला.

कोपाने त्याचं मनगट धरलं. जोरात नाही. माती खाली पडेपर्यंत धरून ठेवलं. मग वर आभाळाकडे पाहिलं, सूर्य कुठे आहे ते पाहिलं, आणि अगदी अदबीने म्हणाला, "सायेब, हे संध्याकाळी सांगजा. शेकोटीपाशी बसून आयकू."

साहेबांना तो पाहुणचार वाटला. हात झटकून ते उठले, हसले. "नाही हो बाबा, संध्याकाळपर्यंत नाही थांबता येणार," ते नाल्याकडे बघत म्हणाले. "पाणी चढलं तर अडकून पडू आम्ही इथं."